जुन्या स्पोर्ट्स कारची ऑइल गळती: गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय काय तपासाल

जुनी स्पोर्ट्स कार दारात आली की काही दिवसांतच फरशीवर काळा डाग दिसतो. मिस्त्री वाकून बघतात आणि सांगून मोकळे होतात, "मागचं क्रँक सील गेलंय साहेब, गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल." कधीकधी ते खरंही असतं. पण इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या त्या सीलची किंमत मामुली आणि तिथवर पोचायची मजुरी भरमसाट. त्यात ऑडी किंवा पोर्श असेल तर गाडी सोलापूरहून पुण्या-मुंबईला न्यायची. म्हणून आधी फुकटातल्या तपासण्या करा, गिअरबॉक्सचं नाव सगळ्यात शेवटी काढा.

आधी गळतंय काय ते बघा

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा सरकवा आणि पुढच्या चाकांची जागा त्यावर पेनने आखून ठेवा. सकाळी थेंबाला बोट लावा. सोलापूरच्या मे महिन्यात स्वच्छ पाण्याचं थारोळं दिसलं तर ते एसीचं, सोडून द्या. गुलाबी किंवा जांभळट, गोडसर वासाचं असेल तर कूलंट. लालसर असेल तर बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं. मॅन्युअल गिअरबॉक्सचं ऑइल घट्ट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, निसरडं काही दिसलं आणि ब्रेक ऑइलची पातळी उतरलेली असेल, तर गाडी जागची हलवू नका.

तपकिरी-काळं असेल तर ते इंजिन ऑइल. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा आणि डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, काढून बघा. खालच्या-वरच्या खुणांमध्ये बहुतेक गाड्यांत साधारण 1 लिटरचा फरक असतो. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल तर जास्तीचं ऑइल आधी काढा. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा मात्र पातळीचा नसतो, प्रेशरचा असतो. तो लागला की तिथेच इंजिन बंद करा, "नाक्यापर्यंत जाऊ" म्हणू नका.

धुतल्याशिवाय शोधू नका

ऑइल वरून खाली ओघळतं आणि गाडी पळताना वारा ते मागे ढकलतो. त्यामुळे टॅपेट कव्हरमधून (इंजिनाच्या वरच्या झाकणातून) पाझरलेलं ऑइल थेट गिअरबॉक्सच्या तोंडाशी जाऊन टपकतं, आणि सीलवर नाहक आळ येतो. शिवाय इंजिनाखालच्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये जुनं ऑइल साचून राहतं. गळती बंद झाली तरी ते कितीतरी दिवस टपकतच राहतं.

ट्रे काढा. गाडी जॅकवर उचलून तशीच खाली शिरू नका, दोन्ही बाजूंना जॅक स्टँड हवेतच. इंजिन गार असताना डिग्रीजर मारा, ब्रशने किटण काढा आणि अल्टरनेटर व इग्निशन कॉइलवर पाण्याचा जोरदार फवारा टाळून धुवा. पुसायला जुना टॉवेल घ्या, आपल्या गावात त्याला तोटा नाही. इथली धूळ ओल्या ऑइलवर लगेच चिकटते, ती पुढे आपल्याच कामी येते. (विकणाऱ्याने इंजिन चकाचक धुऊन दाखवलं असेल तर खूश होऊ नका. लांबचा फेरा मारून पुन्हा खाली बघा.)

संशयित सांध्यांवर थोडी टाल्कम पावडर भुरभुरा आणि जुन्या पुणे नाक्यावरून मोहोळपर्यंत जाऊन या. ऑइल पाण्यापेक्षा उशिरा तापतं, त्यामुळे गल्लीतली चक्कर पुरत नाही. परत आल्यावर टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन वरून खाली बघत या. ओला ठसा सगळ्यात वर जिथे सुरू होतो, तिथे गळती. तरीही सापडत नसेल तर ऑइलमध्ये घालायचा अल्ट्राव्हायोलेट डाय मिळतो, गळतीची जागा त्या दिव्याखाली चमकते.

फिलर कॅपची (ऑइल ओतायच्या झाकणाची) रबर रिंग, ऑइल फिल्टर, ड्रेन बोल्टचा वॉशर, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, टर्बोची ऑइल रिटर्न लाइन, या क्रमाने बघा. बसक्या गाडीचं चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) गतिरोधकावर घासतं, तिथली चीरही तपासा.

ब्रीदर

ही तपासणी सर्रास राहून जाते. इंजिनातली वाफ आणि दाब बाहेर काढणारा व्हॉल्व्ह, म्हणजेच ब्रीदर, बिघडला की चांगली सीलंही गळू लागतात. 2017 ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस किंवा नंतरच्या ऑडी टीटीत असलेल्या फोक्सवॅगन समूहाच्या ईए888 जातीच्या इंजिनांत त्याचा पातळ रबरी पडदा फाटतो. इंजिन चालू ठेवून ऐका. शिट्टीसारखा आवाज येत असेल आणि डिपस्टिक थोडी वर ओढताच तो थांबत असेल, तर पडदा फाटला असण्याची दाट शक्यता. आता फिलर कॅप सैल करा. ती घट्ट ओढली गेल्यासारखी वाटली तरी तोच संशय. उलट आतून फुसफुस हवा बाहेर येत असेल तर ब्रीदर तुंबलाय किंवा पिस्टन रिंगा झिजल्यात. ब्रीदर न बदलता नुसतं सील बदललं तर नवं सीलही जाईल.

एवढं करूनही सीलच निघालं तर

जुन्या पोर्श बॉक्सस्टरमध्ये इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यावर ओल दिसणं नेहमीचंच. तिथे नुसता घाम असेल आणि पातळी उतरत नसेल तर घाई करू नका. क्लचचं काम निघेल तेव्हा गिअरबॉक्स उतरणारच आहे, सील त्याच वेळी बदलून घ्या. दोनदा मजुरी द्यावी लागत नाही.

"वरून सिलिकॉन लावून देतो" याला नकार द्या. जास्तीचं सिलिकॉन आत सुटून ऑइलच्या जाळीत अडकतं. उन्हाळा आहे म्हणून घट्ट 20डब्ल्यू50 ऑइल ओतणं हाही इलाज नव्हे, पुस्तिकेत लिहिलेला ग्रेडच घाला. टॅपेट कव्हरचे बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या टॉर्क पान्याने आवळा, प्लास्टिकचं कव्हर जोर लावला की तडकतं.

ऑइल एक्झॉस्टवर पडून जळका वास किंवा धूर येत असेल तर मात्र गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या. तिथे आग लागू शकते.