आधुनिकतावादी विचारांवरील डिझाइन व छायाचित्रण स्पर्धेसाठी प्रवेशिका कशी तयार करावी

बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या किंवा एकूणच आधुनिकतावादाच्या आदर्शांवर तरुणांसाठी स्पर्धा जाहीर झाली की बहुतेकांच्या कागदावर पिवळा त्रिकोण, लाल चौकोन, निळे वर्तुळ आणि एखादी तिरपी काळी पट्टी उमटते. आकार-रंगांच्या या जोड्या चित्रकार वासिली कांडिन्स्की यांनी १९२३ मध्ये बाउहाउसमधल्या मंडळींना वाटलेल्या एका प्रश्नावलीमुळे रूढ झाल्या. कोणत्या आकाराला कोणता रंग शोभतो, हे त्या प्रश्नावलीत विचारले होते. शंभर वर्षांनंतर तेच उत्तर उतरवून देणे म्हणजे दुसऱ्याची वही पाहून लिहिणे होय, आणि परीक्षकांना ते पहिल्या नजरेत कळते. अशा स्पर्धेत वेगळे उठून दिसायचे असेल तर आधुनिकतावादाची शैली बाजूला ठेवून त्याची विचार करण्याची रीत उचलावी. वस्तूचे काम काय, ती कशापासून आणि कशी घडते, ती कोणाला परवडते, आणि तिच्यातून काय काढून टाकले तरी चालेल, हे ते प्रश्न आहेत.

पार्श्वभूमी थोडक्यात माहीत असणे पुरेसे आहे. वास्तुविशारद वॉल्टर ग्रोपियस यांनी १९१९ मध्ये वायमार येथे ही शाळा सुरू केली, १९२५ मध्ये ती डेसाउला गेली आणि १९३३ मध्ये नाझी राजवटीत बर्लिन येथे बंद पडली. तिचा आपल्याशी संबंध वाटतो त्याहून जुना आहे. डिसेंबर १९२२ मध्येच बाउहाउसमध्ये शिकवणाऱ्या पॉल क्ले, कांडिन्स्की आदींची चित्रे कोलकात्याच्या प्रदर्शनात लागली होती. सिंधुदुर्गातील आचरे येथे जन्मलेले वास्तुविशारद अच्युत कानविंदे यांनी मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकल्यानंतर हार्वर्ड विद्यापीठात ग्रोपियस यांच्याच हाताखाली शिक्षण घेतले. तेव्हा हा विषय परका मानून लाजत काम करण्याचे कारण नाही.

नियमावली आधी वाचावी

हे काम कंटाळवाणे आहे, पण कल्पना सुचण्याआधी करायचे आहे. वयाची अट कोणत्या तारखेला मोजली जाणार, एकट्याने भाग घ्यायचा की गटाने, एका व्यक्तीला डिझाइन आणि छायाचित्रण अशा दोन्ही विभागांत प्रवेश आहे का, आधी प्रसिद्ध झालेले काम चालते का, संगणकाने किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेने निर्माण केलेली प्रतिमा चालते का, हे सारे एका कागदावर लिहून काढावे. सर्वांत महत्त्वाचे कलम हक्कांचे असते. आयोजकांना केवळ प्रदर्शनापुरता आणि प्रसिद्धीपुरता वापर हवा असेल तर हरकत नाही, पण काम पाठवताच त्याचे सर्व हक्क आयोजकांकडे जातील असे लिहिले असेल तर पुन्हा विचार करावा. या बाबतीत छायाचित्रकार लुसिया मोहोली यांचे उदाहरण बोलके आहे. बाउहाउसच्या डेसाउमधल्या इमारतीची आज जगभर छापली जाणारी छायाचित्रे त्यांनी काढली, पण १९३३ मध्ये जर्मनी सोडताना काचेच्या शेकडो निगेटिव्ह मागे राहिल्या. पुढे ती छायाचित्रे वर्षानुवर्षे त्यांच्या नावाविना छापली गेली, आणि काही निगेटिव्ह परत मिळवायलाही त्यांना दीर्घ पत्रव्यवहार व वकील लागले.

डिझाइन विभाग: आधी प्रश्न, मग आकार

विषय म्हणून ‘भविष्यातील शहर’ असे काही अवाढव्य घेऊ नये. रोज हाताळली जाणारी, थोडी अडचण करणारी एक वस्तू निवडावी आणि तिला प्रश्न विचारावेत. प्रश्न कसे असावेत याचा उत्तम नमुना चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी दांपत्याने भारत सरकारसाठी १९५८ मध्ये केलेल्या अहवालात आहे. त्यांनी आपला साधा लोटा समोर ठेवला. त्यात किती पाणी मावावे, तो डोक्यावरून, कमरेवर की हातातून न्यायचा, रिकामा असताना आणि भरलेला असताना त्याचा तोल कुठे येतो, ओतताना धार कशी पडते, तोंड किती रुंद असले म्हणजे आतून घासता येतो, डोळे मिटून हात फिरवला तर कसा वाटतो, दगडावर टेकवल्यावर आवाज कसा येतो आणि मोडीत काढला तर किती पैसे येतात, अशा प्रश्नांची लांबलचक यादी त्यांनी मांडली आहे. आपण निवडलेल्या वस्तूबद्दल असे निदान वीस प्रश्न लिहिता येत नसतील तर वस्तू बदलावी, कारण तिच्याकडे अजून आपले नीट लक्ष गेलेले नाही.

समजा, तालुक्याच्या एसटी स्थानकावरचे वेळापत्रक नव्याने मांडायचे ठरवले. तर संगणक उघडण्याआधी दोन-तीन वेळा तिथे उभे राहावे. प्रवासी किती अंतरावरून वाचतात, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात मूल असताना बोट ठेवून वाचता येते का, ते आधी गावाचे नाव शोधतात की वेळ, आणि शेवटी कंटाळून चौकशीच्या खिडकीकडे का वळतात, हे टिपून घ्यावे. बहुतेक प्रवाशांना आपले गाव माहीत असते आणि वेळ माहीत नसते. असे असूनही फलक वेळेच्या क्रमाने लावलेला असेल तर अर्धा दोष तिथेच सापडतो. अशा निरीक्षणातून निघालेली साधी काळी-पांढरी मांडणी कोणत्याही रंगीत वर्तुळापेक्षा अधिक आधुनिकतावादी ठरते.

वस्तू घडवायची असेल तर पडद्यावरच्या त्रिमितीय चित्रावर विसंबू नये. योझेफ आल्बर्स बाउहाउसच्या प्राथमिक अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना नुसता कागद देत आणि शक्यतो काहीही वाया न घालवता, डिंक न वापरता त्यातून काय उभे राहते ते शोधायला लावत. हा सराव घरी सहज करता येतो. एक जाड कागद घ्यावा, कात्री आणि पट्टी एवढीच साधने ठेवावीत, आणि केवळ घड्या व काप यांच्या बळावर तो कागद एखादे पुस्तक पेलेल असा उभा करावा. घडीने ताठपणा कुठून येतो हे हाताला कळले की मगच मूळ वस्तूची पुठ्ठ्यातली प्रतिकृती करावी, शक्यतो प्रत्यक्ष मापाची. बाउहाउसचेच मार्सेल ब्रॉयर यांना १९२५ च्या सुमारास वाकवलेल्या पोलादी नळीच्या खुर्चीची कल्पना सायकलच्या हँडलवरून सुचली, असे सांगितले जाते. तशी आपल्या गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे, बुरुडाकडे किंवा कुंभाराकडे कोणती नळी, पट्टी, माती आणि कोणते यंत्र आधीच आहे, हे पाहून साहित्य ठरवावे.

अक्षरांविषयी एक सूचना स्वतंत्रपणे करायला हवी. बाउहाउसच्या हर्बर्ट बायर यांनी १९२५ मध्ये रोमन लिपीतील मोठी अक्षरे वगळून फक्त लहान अक्षरांची वर्णमाला मांडली. देवनागरीत तो प्रश्नच उद्भवत नाही, त्यामुळे भूमितीचा हट्ट धरून क आणि ह यांची वर्तुळे करत बसण्यात फारसे हशील नाही. देवनागरीचा खरा प्रश्न वर-खाली जाणाऱ्या मात्रा-वेलांट्यांचा आणि शिरोरेषेच्या जाडीचा असतो. ओळींमधले अंतर रोमनपेक्षा थोडे अधिक ठेवावे, अक्षरांच्या दोनच जाड्यांत काम भागवावे, आणि ‘मुक्त’ किंवा ‘नोटो’ यांसारखा मोफत परवान्याचा फाँट वापरून मोठ्या आकारात छापून भिंतीवर लावून पाहावा. दोन मीटरवरून ‘र्‍हा’ आणि ‘ऱ्या’ वाचता येत नसतील तर मांडणी कितीही देखणी असली तरी ती नापास समजावी.

छायाचित्रण विभाग

येथे पहिला नियम उंचीचा. रशियन छायाचित्रकार अलेक्सांद्र रॉडचेंको यांनी १९२८ मध्ये असा आग्रह धरला होता की बेंबीच्या उंचीची जागा सोडून इतर सर्व जागांवरून छायाचित्रे काढावीत, कारण त्या काळचे अनेक कॅमेरे पोटाशी धरून वापरले जात. आजची आपली ‘बेंबी’ म्हणजे छातीसमोर धरलेला मोबाइल. एकाच इमारतीचे किंवा जिन्याचे छायाचित्र जमिनीला टेकून, गच्चीवरून खाली वाकून, अगदी जवळून आणि अगदी लांबून काढून सर्व प्रतिमा शेजारी शेजारी ठेवाव्यात. मुंबईत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची १९८३ मध्ये पूर्ण झालेली कांचनजंगा इमारत किंवा नवी मुंबईतील बेलापूरची त्यांची वसाहत, कानविंदे यांचे वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र अशी स्थळे जवळ आहेत. मात्र माणसे राहत असलेल्या ठिकाणी परवानगी घ्यावी आणि घरात डोकावणारी छायाचित्रे टाळावीत. दुपारी बाराचा प्रकाश काँक्रीट सपाट करतो, तर सकाळी किंवा उन्हे कलताना भिंतीवरच्या साच्याच्या फळ्यांच्या खुणाही दिसतात. उभ्या रेषा एक तर पूर्ण सरळ ठेवाव्यात किंवा जाणूनबुजून भरपूर तिरप्या कराव्यात. दोन-तीन अंशांचा कल केवळ निष्काळजीपणा वाटतो.

कॅमेऱ्याविना छायाचित्र नियमांत बसत असेल तर ते अवश्य करून पाहावे. बाउहाउसचे शिक्षक लास्लो मोहोली-नॉज आणि त्यांच्या पत्नी लुसिया यांनी १९२२ पासून संवेदनशील कागदावर थेट वस्तू ठेवून प्रकाशचित्रे केली. त्यासाठी लागणारी काळी खोली आज मिळणे कठीण आहे, म्हणून जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेली सायनोटाइपची पद्धत वापरावी. १०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट आणि वेगळ्या बाटलीत १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड विरघळवावे. मंद बल्बच्या उजेडात दोन्ही समप्रमाणात मिसळून जलरंगाच्या कागदावर रुंद ब्रशने लावावे आणि अंधारात वाळू द्यावे. हातमोजे घालावेत, स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत आणि या रसायनांजवळ आम्ल आणू नये. मग वाळलेल्या कागदावर सोऱ्याच्या चकत्या, झारा, काचेचा पेला असे काही मांडून कडक उन्हात पाच ते पंधरा मिनिटे ठेवावे. उघडा भाग करडा-राखाडी झाला की कागद पिवळट पाणी निघणे थांबेपर्यंत, निदान पाच मिनिटे, धुवावा. कागदाला चिकटून असलेल्या वस्तूची कड धारदार येते आणि किंचित उचललेल्या वस्तूची विरघळल्यासारखी. शेवेच्या चकतीची एक बाजू काडेपेटीवर टेकवली तर तीच भोके एका टोकाला ठसठशीत आणि दुसऱ्या टोकाला धूसर होत जातात, आणि माझ्या मते या तंत्राची सगळी मजा त्या उतरत्या धारेत आहे.

मांडणी, टिपण आणि पाठवणी

प्रवेशिकेच्या फलकावर अंतिम वस्तूच्या शेजारी फसलेल्या दोन प्रतिकृतीही दाखवाव्यात, म्हणजे निर्णय कसा झाला ते परीक्षकांना दिसते. सोबतचे टिपण दीडशे शब्दांत आटोपावे आणि त्यात ‘कालातीत’, ‘किमान तरीही प्रभावी’ असली विशेषणे न घालता कोणासाठी, कोणत्या अडचणीवर, कोणत्या साहित्यात आणि अंदाजे किती खर्चात हे काम केले ते सांगावे. ए३ आकाराच्या छपाईला दर इंचाला ३०० ठिपके हवे असतील तर प्रतिमा सुमारे ३५०८ बाय ४९६१ पिक्सेलची लागते. १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलची पूर्ण चौकट साधारण २४० ठिपक्यांपर्यंत पोहोचते आणि ती चालून जाते, पण त्यात कापाकाप केली की दाणे दिसू लागतात, म्हणून चौकट काढतानाच पक्की करावी. व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवलेली प्रत स्पर्धेला देऊ नये, कारण तिथे ती आक्रसते. नाव लपवून परीक्षण होणार असेल तर फाइलच्या नावातून आणि तिच्या आतल्या माहितीतूनही आपले नाव काढावे.

परदेशी स्पर्धेची मुदत तेथील घड्याळानुसार असते. जर्मनीतील रात्रीचे ११.५९ म्हणजे हिवाळ्यात आपले पहाटेचे ४.२९ आणि उन्हाळ्यात ३.२९. तो जास्तीचा वेळ हिशेबात न धरता काम दोन दिवस आधी चढवावे, पोचपावतीचा ईमेल जपून ठेवावा आणि चढवलेली फाइल एकदा परत उतरवून उघडते का ते तपासावे.