थ्रॉटल बॉडी घरी बॅलन्स करताय? स्क्रू फिरवण्याआधी या चुका टाळा

दोन, तीन किंवा चार थ्रॉटल बॉडी (सिलिंडरला हवा सोडणारे, आत झडप असलेले भाग) असलेली मोटारसायकल आयडलिंगला थरथरू लागली, कमी वेगात झटके देऊ लागली, की हौशी हात लगेच व्हॅक्यूम गेजकडे नाहीतर डायग्नोस्टिक ॲपकडे वळतात. साधनं चांगलीच आहेत. पण ती सिलिंडरांमधला फरक दाखवतात, फरक कशामुळे पडला ते सांगत नाहीत. एखाद्या व्हॉल्व्हचं क्लिअरन्स (मुद्दाम ठेवलेली बारीक फट) कमी झालं असेल किंवा इनटेकच्या रबराला चीर पडली असेल, तरी आकडे वेगवेगळेच येणार. स्क्रू फिरवून ते जुळवताही येतात, आणि घोटाळा तिथेच होतो. मूळ दोष जागेवर राहतो, शिवाय आधीचं सेटिंगही जातं. व्हॉल्व्ह क्लिअरन्स, एअर फिल्टर, प्लग, इनटेकची गळती हे सगळं आधी तपासा. बॅलन्सिंगचा, म्हणजे सगळ्या सिलिंडरांची हवा सारखी करण्याचा, नंबर शेवटचा.

मोठा आकडा म्हणजे नक्की काय?

सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. व्हॅक्यूम गेज ओढ मोजतं. ज्या सिलिंडरची बटरफ्लाय झडप जास्त मिटलेली, तिथे ओढ जास्त आणि आकडा मोठा. डायग्नोस्टिक ॲप मात्र सहसा मॅप सेन्सरनं (इनटेकमधला दाब मोजणारा सेन्सर) मोजलेला निरपेक्ष, म्हणजे निर्वातापासून मोजलेला दाब दाखवतं, म्हणजे हिशेब नेमका उलटा: आकडा मोठा तर त्या सिलिंडरला हवा जास्त मिळतेय. २५० मिलिमीटर पाऱ्याइतकी ओढ असेल, तर समुद्रसपाटीला तोच दाब ॲपवर ६८ किलोपास्कलच्या आसपास दिसेल. गेजवर शिकलेला माणूस ॲप बघत सवयीच्या दिशेनं स्क्रू फिरवतो, फरक वाढतच जातो आणि बिचाऱ्या सेन्सरला शिव्या बसतात.

अर्थात सेन्सरवरही आंधळा विश्वास नको. इग्निशन चालू, इंजिन बंद, अशा स्थितीत सगळ्या सेन्सरांनी बाहेरच्या हवेचा एकच दाब दाखवायला हवा. इथेच एक किलोपास्कलचा फरक असेल, तर पुढची सगळी मेहनत त्या फरकावर उभी राहील. कित्येक मॅन्युअलमध्ये सिलिंडरांमध्ये चालणारा फरकच १० मिलिमीटर पारा, म्हणजे साधारण १.३ किलोपास्कल दिलेला असतो. गेजांची परीक्षा याहून सोपी आहे. दोन नळ्यांची अदलाबदल करा. फरक गेजबरोबर सरकला तर गेज खोटं, सिलिंडरपाशीच राहिला तर दोष इंजिनात.

आणखी एक, गाडीच्या सगळ्या व्हॅक्यूम नळ्या एकत्र होऊन एकाच मॅप सेन्सरला जात असतील, तर ॲपमध्ये कितीही शोधा, सिलिंडरनिहाय आकडा मिळणार नाही. तिथे गेजच लागतं. ते जोडताना सेन्सरची नळी काढून टाकू नका, टी-जॉइंट घाला. नाहीतर ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) दाब चुकीचा कळतो आणि पेट्रोलचं प्रमाण बिघडतं.

आकडे नाचतात म्हणूनही लोक घाबरतात. १२०० आरपीएमला फोर-स्ट्रोक इंजिनाचा प्रत्येक सिलिंडर सेकंदाला १० वेळा हवा ओढतो, त्यामुळे काटा थरथरणारच. नळीत बारीक छिद्राचा रिस्ट्रिक्टर बसवा आणि क्षणाचा आकडा सोडून सरासरी बघा.

घरगुती मॅनोमीटर

पारदर्शक नळीत पाणी किंवा तेल भरून केलेलं यू-आकाराचं, दाबातला फरक दाखवणारं साधन स्वस्त आणि फार संवेदनशील असतं. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून २५० मिलिमीटर पाऱ्याची ओढ पाण्याला सुमारे ३.४ मीटर वर खेचू शकते. एक टोक उघडं ठेवलंत तर नळीतलं सगळं द्रव सरळ इंजिनात जाईल. दोन्ही टोकं दोन सिलिंडरांनाच जोडा आणि मध्ये रिकाम्या बाटल्या ठेवा. सुरुवातीलाच फरक मोठा असेल, तर हे साधन त्या दिवशी वापरूच नका. पाऱ्याच्या जुन्या मॅनोमीटरच्या वाटेला तर घरात जाऊच नये, पारा विषारी असतो.

स्क्रू

बॅलन्सिंगसाठी बहुधा एअर बायपास स्क्रू (झडपेला वळसा घालून जाणारी हवा कमी-जास्त करणारे) असतात. झडपेच्या थांब्याचा, कारखान्यात लावून रंगानं सील केलेला स्क्रू वेगळा. त्याला हात लावायचा नाही. काही गाड्यांत एक सिलिंडर आधार म्हणून धरलेला असतो आणि त्याचा बायपास स्क्रूही हलवायचा नसतो, बाकीचे त्याच्याशी जुळवायचे. कुठला, ते मॅन्युअलमध्ये सापडेल. स्क्रू हलवण्यापूर्वी तो अलगद आत बसेपर्यंत फिरवून किती फेरे होतात ते लिहून ठेवा आणि परत तिथेच आणा. बायपासच्या वाटेत काजळी असेल तर आधी ती साफ करा.

इंजिन पूर्ण गरम हवं, पण उभ्या गाडीचं तापमान भराभर चढतं, म्हणून रेडिएटरसमोर पंखा लावा. दार बंद गॅरेजमध्ये हे काम अजिबात करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. प्रत्येक बदलानंतर थ्रॉटल हलकेच एकदा पिळून सोडा, आयडलिंग स्थिरावू द्या, मगच आकडा वाचा. प्रत्येक बाजूला स्वतंत्र केबल असलेल्या गाडीत आयडलिंगच्या थोडं वरही तपासा. तिथला फरक केबलच्या ताणात असतो, बायपास स्क्रूनं तो सुटत नाही.

शेवटी व्हॅक्यूमच्या तोंडांवरची रबरी टोपणं आठवणीनं बसवा. एखादं राहिलं तर तिथून हवा शिरते, आयडलिंग वर जातं आणि पुन्हा स्क्रूवर संशय येतो. टोपणं जागेवर आहेत, स्क्रू पार आत किंवा बराच बाहेर गेलाय, तरी एक सिलिंडर जुळत नाही? मग गेज बाजूला ठेवा आणि कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडर हवा किती दाबतो याची चाचणी) करा.