घरातल्या मोडी कागदांसाठी ऑनलाइन वाचनगट कसा जमवावा

बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. आजी गेल्यावर ती उघडली, तर आत लाल कापडात बांधलेला कागदांचा रुमाल निघाला. सगळी अक्षरं मोडी. गायकवाडी कारभाराशी संबंध आलेल्या बऱ्याच मराठी घरांत असे रुमाल आहेत आणि ते वाचणारं माणूस त्या घरात उरलेलं नाही. पण वाचणारे आहेत. कुणी ठाण्यात, कुणी ग्वाल्हेरला, कुणी थेट तंजावरला. त्यांना एका कागदाभोवती बसवणं आता फोनवर जमतं आणि ते जमवायलाच हवं, कारण कसर आपल्यासाठी थांबत नाही.

आधी कागद नीट करा. घडी जोर लावून उलगडू नका, सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. एका दुकानदाराच्या भरवशावर मी एक पत्र लॅमिनेट करून घेतलं. ते आता सोडवता येत नाही आणि प्लास्टिकच्या चकाकीमुळे फोटोही धड येत नाही. दिवसा खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून, बरोबर वरून फोटो घ्या. शेजारी पट्टी ठेवा. पाठची बाजूही घ्या, कारण पत्र कधी पोचलं याची नोंद पुष्कळदा तिथेच असते. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक फाटे पुसट होतात.

आता माणसं. फेसबुकवर मोडी शिकणाऱ्यांचे समूह सापडतात. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे, तिथे मोडीचे वर्ग होतात. अशा वर्गांतून बाहेर पडलेल्यांना सरावाला खरे कागद हवे असतात आणि तुमच्याकडे ते आहेत. मात्र "कुणी मोडी वाचून देईल का?" असं मोघम विचारू नका. एकाच पानाचा फोटो टाका, कागद कुठल्या घराण्यातला ते सांगा, आणि कुठली ओळ अडली तेही सांगा. तेवढ्यावर चार माणसं आपणहून येतात.

व्हॉट्सॲपच्या गटात १०२४ माणसं मावतात. तुम्ही मात्र बारा-पंधरावर थांबा. मी आधी तीनशे जणांच्या एका गटात होते. सुप्रभात आणि फुलांच्या गर्दीत टाकलेला कागद तासाभरात वर निघून जायचा. छोट्या गटाला नियमही एकच पुरतो: आठवड्याला एक कागद, आणि तो संपल्याशिवाय दुसरा नाही. जमिनीचे किंवा वाटणीचे कागद असतील, तर ज्यांच्या घरचे आहेत त्यांना विचारूनच टाका. आजही त्यावरून भाऊबंदकी पेटते.

वाचन रविवारी व्हिडिओ कॉलवर करा. एकाने स्क्रीन दाखवायची, बाकीच्यांनी ओळीओळीने वाचायचं. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि तिला अक्षरं लटकवत जातात. शब्दांत जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं. म्हणून एकटा माणूस चुकीच्या जागी शब्द तोडतो आणि तीच चूक धरून बसतो. आमच्याकडे "प॥ पेटलाद" आलं होतं. ठाण्याच्या काकांनी पेटलाद हे आडनाव धरलं, तर बडोदेकरांनी गाव लगेच ओळखलं. पण "प॥" म्हणजे परगणे हे काकांनीच सांगितलं. हेच दोन दंड आकड्यापुढे आले की अर्धा होतात: १२॥ म्हणजे साडेबारा.

तारखेला वेळ द्या. पेशवाईतल्या कागदांवर बहुधा शुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या कारभारातली वर्षगणना, असतो, तोही अरबी संख्यांत आणि एककापासून उलटा. "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे एक, साठ, शंभर, हजार: ११६१. हे वर्ष मृगापासून सुरू होतं. इसवी सन काढायला मृग ते डिसेंबरच्या कागदाला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. जानेवारीतला कागद असेल तर १७६१ येतात, म्हणजे पानिपताचं वर्ष. पहिल्यांदा हा हिशेब जुळला तेव्हा कॉलवर कुणी काही बोललंच नाही, सगळे कागदाकडे बघत राहिले.

वाचलेलं त्याच दिवशी लिहून काढा. ओळ तिथे ओळ. फाटलं असेल तिथे टिंबं, शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह, आणि अंदाजाने रिकामी जागा भरायची नाही. युनिकोडमध्ये मोडी २०१४ साली आली, तरी लिप्यंतर देवनागरीतच ठेवा, म्हणजे शोधता येतं. फोटो, लिप्यंतर, तारीख आणि वाचणाऱ्यांची नावं एका सामायिक फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याची प्रत गटाबाहेर आणखी एकाकडे द्या.

आमच्या रुमालातले एकोणीस कागद झाले. येत्या रविवारी विसावा आहे: एका कोपऱ्याला कसर लागलेली, आठ ओळींची पावती.