शॅमेलिऑनची कात आणि खुराक: गोव्याच्या दमट हवेत या चुका टाळा

शॅमेलिऑन या रंग बदलणाऱ्या सरड्याच्या संगोपनाविषयी इंटरनेटवर मिळणारी बरीचशी माहिती थंड देशांतील घरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते. त्या घरांत हिवाळ्यात हीटरमुळे हवा कोरडी पडते आणि कात अडकते, म्हणून वारंवार पाणी फवारण्याचा सल्ला दिला जातो. तोच सल्ला फोंड्यातील किंवा म्हापशातील घरात जुलै महिन्यात जसाच्या तसा पाळला, तर कात अडकण्याऐवजी त्वचेला बुरशी लागते आणि छातीत संसर्ग होतो. येथील पावसाळ्यात ओलाव्याची उणीव नसते. उणीव असते ती पिंजरा सुकण्याची.

हे विवेचन मूळच्या येमेन आणि सौदी अरेबियातील व्हेल्ड शॅमेलिऑनविषयी आहे. काजूच्या बागेत आढळणारा आपला रानटी शॅमेलिऑन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असल्यामुळे तो घरी आणणे हा गुन्हा आहे. परदेशी प्राण्याचीही २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, आणि ती टाळून केलेली खरेदी पुढे महागात पडू शकते.

शॅमेलिऑन सापासारखी अखंड कात टाकत नाही. त्याची त्वचा आधी निस्तेज व पांढरट होते, मग जागोजागी फाटून तुकड्यांनी गळते. वाढत्या वयात हे काही आठवड्यांनी, तर मोठेपणी काही महिन्यांनी घडते. या काळात तो फांदीला अंग घासतो, डोळे फुगवतो, चिडचिडा होतो आणि एखाद-दुसरा दिवस खात नाही. नवखा पाळणारा नेमका येथेच घाबरतो आणि सुटू लागलेली कात बोटांनी ओढून काढतो. तसे केल्यास खालची अपरिपक्व त्वचा सोलली जाते. डोळ्यांवरची कात तर घरी कधीच काढू नये. खोबरेल तेल चोळण्याचा घरगुती उपायही टाळावा, कारण तेल नाकपुड्यांत आणि डोळ्यांत उतरते. कोमट पाण्याच्या टबात बसवणे हाही चुकीचाच उपाय आहे. झाडावर राहणाऱ्या या प्राण्याला त्याचा मोठा ताण येतो.

खरे लक्ष बोटांकडे आणि शेपटीच्या टोकाकडे द्यावे. तेथे राहिलेल्या कातीचे कडे घट्ट होऊन रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग काळा पडून गळू शकतो. आठवडाभरात ते कडे सुटले नाही, तर पानांवर बारीक फवारा थोडा अधिक वेळ चालू ठेवावा आणि कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा तेथे हलकेच टेकवावा. तरीही ते न सुटल्यास पुढचे काम सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यकाचे आहे.

फवारणीचे वेळापत्रक घड्याळाने नव्हे, तर हायग्रोमीटर (हवेतील ओलावा मोजणारे उपकरण) पाहून ठरवावे. दिवसा ४० ते ६० टक्के आर्द्रता पुरेशी असते. आपल्याकडे पावसात ती आपोआपच याच्या बरीच वर जाते. अशा वेळी काचेच्या टाकीऐवजी जाळीचा पिंजरा, खोलीत मंद पंखा आणि दोन फवाऱ्यांच्या मधे पाने पूर्ण सुकणे एवढे सांभाळावे. फवारा मात्र पूर्णपणे बंद करू नये, कारण हा प्राणी वाटीतले साचलेले पाणी सहसा पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. याउलट रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीत गोव्यातही हवा कोरडी पडते आणि कात अडकते.

आता खुराक. कात टाकताना भूक मंदावणे स्वाभाविक आहे. त्या दिवसांत तोंड उघडून बळेच भरवू नये. खाद्य म्हणून दिला जाणारा रातकिडा शॅमेलिऑनच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा नसावा, आणि न खाल्लेले रातकिडे रात्री पिंजऱ्यात ठेवू नयेत, कारण ते झोपलेल्या प्राण्याला चावतात. रातकिडे शॅमेलिऑनला भरवण्याच्या आदल्या दिवशी त्यांना शेवग्याची पाने, गाजर किंवा भोपळा खाऊ घालावा. तांबडी भाजी आपल्याकडे सहज मिळते. पण तिच्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून तिच्यावरच भागवू नये. रातकिड्यांवर कॅल्शियमची पूड हलकी भुरभुरावी. जीवनसत्त्व डी३ असलेली पूड रोज देणे हा मात्र अतिरेक होय.

पहिल्या पावसाच्या सुमारास दिव्याभोवती जमणारे किडे फुकट मिळतात, म्हणून ते भरवण्याचा मोह होतो. भातशेतीत आणि काजूच्या बागांत औषधे फवारली जात असल्यामुळे बाहेरचे किडे टाळलेलेच बरे. काही काजव्यांच्या अंगातील विष सरड्यांना प्राणघातक ठरते, त्यामुळे काजवा तर कदापि देऊ नये.

एवढे करूनही हाडे मऊ पडत असतील, तर पिंजऱ्यावरच्या दिव्याकडे पाहावे. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन यूव्हीबी (कॅल्शियम अंगी लागण्यासाठी आवश्यक अतिनील) किरणांच्या दृष्टीने जवळपास निरुपयोगी असते, आणि पावसाळी ढगांत तेही मिळत नाही. म्हणून यूव्हीबी दिवा अपरिहार्य आहे.

डोळे खोल जाणे आणि विष्ठेतील पांढरा भाग गडद केशरी होणे ही पाणी कमी पडल्याची लक्षणे आहेत. पिंजरा तापलेला नसतानाही तोंड उघडे ठेवून मान वर करून श्वास घेणे, किड्यावर फेकलेली जीभ वारंवार चुकणे किंवा जबडा मऊ लागणे ही लक्षणे दिसल्यास घरगुती प्रयोग न करता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. नेताना हवेशीर खोक्यात आडवी फांदी बसवावी आणि वरून कापड टाकावे.