मंडळीवरचा विश्वास उडालाय? पत्र द्यायची घाई करू नका

यहोवाचे साक्षीदार ह्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीत वाढलात आणि आता नियमन मंडळाचं, म्हणजे पंथाच्या सर्वोच्च नेत्यांचं, म्हणणं पटेनासं झालंय, तर कधी ना कधी वाटतंच की उद्याच मंडळी सोडल्याचं पत्र देऊन मोकळं व्हावं. थांबा जरा.

आधी बघा बाप्तिस्मा झालाय का, नसेल तर बहिष्काराचा प्रश्नच येत नाही. झाला असेल तर स्वतःहून पत्र दिलं काय आणि मंडळीच्या वडिलांच्या (म्हणजे तिथल्या पुढाऱ्यांच्या) समितीने काढलं काय, सभेत घोषणा एकच, अमुक आता यहोवाचा साक्षीदार नाही, आणि काल गळ्यात पडणारी माणसं आज मान खाली घालून बाजूने निघून जातात. २०२४ मधे नियम थोडे सैल झाले, काढलेल्याला सभेला बोलवता येतं, दोन शब्द बोलता येतात, पण धर्मत्यागी, म्हणजे पंथाच्या शिकवणीविरुद्ध बोलणारे, ठरलात तर तेवढंही नाही.

म्हणून बरेच जण हळूहळू लांब होतात. सभा कमी, मग बंद, पत्र नाही, वाद नाही. ह्यात लपवाछपवी आहे, मला खटकतं, पण आई बोलत राहावी असं वाटत असेल तर दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही. मंडळीचे वडील भेटायला येतो म्हणाले तर नाही म्हणता येतं. भेटलात तर मनातल्या शंका तिथे काढू नका, कारण नियमन मंडळावर विश्वास आहे का हे विचारलं जाऊ शकतं आणि ते उत्तर मग तुमच्याच विरोधात जातं. रेमंड फ्रान्झ तर स्वतः त्या मंडळात होते, १९८० मधे बाहेर पडले आणि १९८१ मधे बहिष्कृत झाले, कशावरून तर मंडळी सोडलेल्या स्वतःच्या मालकासोबत जेवले म्हणून!

नोकरी किंवा राहतं घर मंडळीतल्या कोणाच्या हातात असेल तर आधी ते सोडवा. बाहेर दोन तरी मित्र जोडा. नवरा-बायकोला एकदम सगळं सांगू नका, एकेक प्रश्न विचारा आणि ऐका. बहिष्काराने लग्न मोडत नाही, हे त्यांच्याच नियमात आहे. जीव नकोसा वाटायला लागला तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि एवढं करूनही आईने बोलणं तोडलं तर तिला धडे पाठवू नका. ती हे तुमच्यावरच्या मायेपोटीच करतेय, तिला तसंच शिकवलंय. आठवड्याला एकच मेसेज टाका, गुडघा कसाय, मी बरा आहे, जेवलो. निळ्या टिक्स येतील, उत्तर येणार नाही, तरी पुढच्या आठवड्यात परत टाका.