एकांकिकेत गम खणणारा पोरगा उभा करायचाय? मग हे वाचा

पुरुषोत्तम करंडकाचे, म्हणजे पुण्यातल्या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेचे, दिवस जवळ आले की सगळ्यांना एकदम "हटके" विषय हवा असतो. यंदा ओळखीतल्या एका ग्रुपनं न्यूझीलंडचा गम डिगर घेतलाय (गम म्हणजे राळ), इंग्रजांच्या काळातला १४-१५ वर्षांचा पोरगा, जमीन खणून कौरी झाडाची राळ काढणारा. त्यांना जे सांगितलं तेच इथे टाकतोय.

आधी थोडी माहिती. कौरी म्हणजे न्यूझीलंडच्या उत्तरेकडचं अवाढव्य झाड, त्याची राळ हजारो वर्षं गळत राहिली, झाडं पडली, जंगलं गेली आणि राळ मातीत नाहीतर दलदलीत गाडली गेली. माओरी लोक ती चघळायचे, विस्तव पेटवायला वापरायचे, तिची काजळी गोंदणाला घ्यायचे. गोऱ्यांना ती हवी होती वार्निशसाठी, पुढे लिनोलियमसाठी पण (जमिनीवर अंथरायचं ते). १८४० च्या दशकात निर्यात सुरू झाली आणि १८९९ साली तर वर्षाला ११ हजार टनांच्या वर माल बाहेर गेला. हे सगळं निवेदकाच्या तोंडी घालू नका प्लीज, स्पर्धा होते त्या भरत नाट्य मंदिरातलं पब्लिक दोन मिनिटांत कंटाळतं आणि मग ओरडायला लागतं. एखादा आकडा दुकानदाराच्या तोंडून जाऊ द्या, बास.

आता सामान. मुख्य हत्यार म्हणजे भाला, टोकदार लोखंडी सळई आणि वर फावड्यासारखी मूठ. डिगर तो जमिनीत खुपसत हिंडायचा आणि टोकाला काय लागलं, दगड की लाकूड की राळ, हे हाताला कळायचं, मगच फावडं. जुन्या बाजारात तुटक्या फावड्याची मूठ मिळेल, वेल्डिंगवाल्याकडून सळईला जोडून घ्या पण टोक बोथटच ठेवा, स्टेज फाडलंत तर थिएटरवाले सोडणार नाहीत. पाठीवर गोणीचीच पिशवी. झोपडीलाही गोणपाटच चालेल, बरेच डिगर खरंच गोणपाटाच्या नाहीतर मातीच्या ढेकळांच्या खोपटात राहायचे. मार्केट यार्डात भुसार विभागात रिकामं बारदान विचारा.

राळेचा तुकडा कसा दाखवायचा हा खरा प्रॉब्लेम. खायचा डिंक अजिबात नको, लाईटखाली मेलेला दिसतो. पिअर्स साबण घ्या, कडा घासून वेडावाकडा करा, वरून काळी माती ओली करून थापा आणि वाळू द्या. मग पोरगा सुरीनं खरवडायला लागला की आधी माती पडते, मग पिवळे पापुद्रे सुटतात आणि आतून मधाच्या रंगाचा तुकडा चमकायला लागतो, मागून एक पिवळा लाईट दिलात की झालं. माझ्या मते एकांकिकेचा जीव इथेच आहे, कारण दिवसभर खणून झालं तरी काम संपायचं नाही, रात्री दिव्यापाशी बसून एकेक तुकडा खरवडायचा, माल जितका स्वच्छ आणि मोठा तितका भाव बरा. हा सीन घाईत उरकू नका. तीन-चार मिनिटं नुसता खरवडल्याचा आवाज आणि मधे मधे तुटक बोलणं, चालतं. हात सुन्न झालेत, सुरी सटकते, तो परत धरतो. "आई, मी थकलो गं" छाप स्वगत टाकलंत की सगळं गेलं.

दुकानदाराला पिळदार मिशांचा सावकार करू नका, आपल्याकडे तो मोह फार. तोच पीठ, चहा, साखर उधारीवर द्यायचा आणि तोच राळ विकत घ्यायचा, त्यामुळे हिशोब त्याच्याच वहीत. तो हसतमुख दाखवा, पोराला चघळायला गोड गोळी पण देऊ दे, आणि तराजूत गोणी टाकून झाल्यावर वहीतली बाकी वाचून दाखवू दे.

पोरगा कुठला हे आधी ठरवा. माओरी होते, इंग्रज होते, आणि डाल्मेशियाहून, म्हणजे आजच्या क्रोएशियातून, आलेले बरेच होते, तेव्हा तो भाग ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. हे डाल्मेशियन एकत्र राहून खणायचे, घरी पैसे पाठवायचे, आणि बाकीच्यांना ते खुपायचं. १८९८ च्या कायद्यानं काही जमिनी फक्त ब्रिटिश प्रजेसाठी राखून ठेवल्या. डाल्मेशियन घेतलात तर संघर्ष आयताच मिळतो. भाषा मात्र साधी मराठीच ठेवा, इंग्रजी अ‍ॅक्सेंट काढलात तर हशा पिकेल.

अजून एक, तिकडे जून-जुलै म्हणजे हिवाळा. दलदलीत खड्डा खणला की पाणी भरायचं, ते उपसायचं, परत खणायचं. त्यामुळे पोराची पँट गुडघ्यापर्यंत खरंच ओली करा, विंगेत बादली ठेवा.

आणि बादली ठेवणार असाल तर खरवडायच्या सीनला खाली कांबळं अंथरा, साबणाचे पापुद्रे त्यावरच पडतील असं बघा आणि ब्लॅकआऊटमध्ये ते कांबळं गुंडाळून न्यायला एक माणूस नेमा, ओल्या पायाला साबण लागला की पुढच्या सीनला कुणीतरी आडवा होणारच.