नॅचरल लूकचं घर हवंय? मग आधी जुनं लाकूड शोधा

घराला नॅचरल लूक द्यायचा म्हणून लोक 'इको-फ्रेंडली' लेबल लावलेलं नवीन सामान मागवतात आणि घरातलं चांगलं सागवानी कपाट भंगारात देऊन टाकतात, हे बघून खरंच जीव हळहळतो. जे आधीच बनलेलं आहे त्याच्यासाठी नवीन झाड तोडावं लागत नाही ना, मग सुरुवात तिथूनच करा.

पुण्यात असाल तर बुधवारी नाहीतर रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, मुंबईकरांना ओशिवऱ्याचं जुन्या फर्निचरचं मार्केट आहेच. घेताना घाई करू नका. ठोकून बघा, आवाज पोकळ आला किंवा पायांपाशी बारीक भुसा पडलेला दिसला की आत कीड आहे समजा. कडा आणि ड्रॉवरची आतली बाजू पण बघायची, प्लायवर पातळ सागाचा थर चिकटवलेला असेल तर तिथे लगेच कळतं.

घरी आणलं की पॉलिश पेपर मारायचा, आधी 120 नंबरचा, मग 220, आणि लाकडाच्या रेषा जातात त्याच दिशेने. पण ऑइल पेंट असेल तर थांबा, जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडं घासायचं नाही, ओलं करून घासा, चांगला मास्क लावा आणि पोरांना लांब ठेवा. मग जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी वरचं जास्तीचं तेल पुसून घ्या, नाहीतर चिकट राहतं, आणि पूर्ण वाळल्यावरच दुसरा हात. एक गोष्ट प्लीज लक्षात ठेवा, या तेलाचे बोळे गोळा करून डस्टबिनमध्ये टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून ठेवा किंवा बाहेर मोकळे पसरून वाळवा.

भिंतींना चुना सुंदर दिसतो, मॅट आणि थोडा ढगाळ, पण फ्लॅटमधल्या प्लास्टिक पेंटवर तो धरत नाही, प्लास्टर उघडं असेल तरच त्याच्या मागे लागा.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट, घोंगडी! दख्खनी मेंढ्यांची लोकर, त्यावर चिंचोक्याची खळ, आणि काळा, करडा, तपकिरी हे रंग मेंढीचेच, डाय नाहीच. साध्या दिवाणावर टाका किंवा भिंतीवर लावा, रूमचा सगळा मूड बदलतो. नवी असताना टोचते, म्हणून अंगाखाली पातळ सुती चादर घ्या. वारंवार धुवू नका, ऊन दाखवा, झटका, आणि ठेवताना घडीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला म्हणजे कसर लागत नाही. शेजारी फार रंग नकोत, एखादी सोलापुरी चादर किंवा आजीची गोधडी बास.

लॅम्पशेड, टोपल्या वगैरे बुरुडांकडूनच घ्या, मापाप्रमाणे बनवून देतात. बांबूवर बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया झालीय का एवढं विचारा, कारण बांबूतल्या स्टार्चसाठी भुंगा लागतो आणि मग खाली पिवळी पावडर पडत राहते. बाथरूमजवळ मात्र बांबू ठेवू नका, पावसाळ्यात बुरशी धरतेच.